वेल्डिंगच्या कामासाठी चामड्याचे बूट कसे निवडावेत?

प्रश्न: चाकणच्या कारखान्यात दिवसभर उभ्याने वेल्डिंग करावे लागते; नवे सेफ्टी बूट घेताना माप नेमके कसे पाहावे?

उत्तर: माप संध्याकाळी, पाय किंचित सुजलेले असताना आणि कामावरचेच जाड मोजे घालून पाहावे. नाडी आवळल्यावर चालताना टाच वर सरकू नये, बोटे पुढच्या पोलादी टोपीला टेकू नयेत. चामडे वापराने सैलावते, पोलाद नाही.

दुसरे उत्तर: आयएस १५२९८ भाग २ हे सेफ्टी बुटांचे भारतीय मानक तपासावे, कारण त्यात टोपीची २०० जूल आघाताची चाचणी असते. नाड्या झाकणारी झडप हवीच, नाहीतर ठिणगी थेट आत शिरते.

तिसरे उत्तर: वेल्ट शिवणीचे (कडेच्या पट्टीला तळ शिवून जोडलेले) बूट महाग खरे, पण तळ बदलता येतो. भिजल्यास हीटरपुढे मात्र ठेवू नयेत, चामडे तडकते.