नबोंगो मुमिया : फितूर की मुत्सद्दी?

वाटाड्या (धागाकर्ता)
पश्चिम केनियातील बहुतेक लुह्या गटांचा कारभार कुळांतील वडीलधारे पाहत असत. त्यांच्यात वांगा राज्य वेगळे उठून दिसते, कारण तिथे ‘नबोंगो’ ही पदवी धारण करणारा वंशपरंपरागत राजा होता. नबोंगो मुमिया 1882 मध्ये गादीवर आला. 1889 मध्ये त्याने इम्पीरियल ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीच्या फ्रेडरिक जॅक्सनशी करार केला, आणि पुढे त्याच्याच राजधानीत तळ ठोकून ब्रिटिशांनी आसपासचा मुलूख ताब्यात घेतला. एवढ्यावरून त्याला फितूर ठरवून मोकळे होणे मला पटत नाही. फितुरी करायला आधी कोणीतरी आपले असावे लागते. 1889 मध्ये केनिया नव्हता, आणि लुह्या म्हणून एकवटलेला समाजही नव्हता. ती राजकीय एकजूट 1930 आणि 1940 च्या दशकांत आकाराला आली. मुमियाच्या लेखी बुकुसू (आज लुह्यांतच मोडणारा एक गट) हे शेजारी होते आणि बऱ्याचदा शत्रूही, तर दक्षिणेकडून उगेन्या भागातले लुओ लोक त्याचे वडील शिउंडू यांच्या काळापासून राज्याला जेरीस आणत होते. किनाऱ्याकडचे स्वाहिली व्यापारी हस्तिदंत आणि गुलाम यांसाठी येत, सोबत बंदुका आणत. अशा परक्यांना आसरा द्यायचा आणि त्यांच्या बळावर शेजाऱ्यांना वचकात ठेवायचे, हे या दरबाराचे जुनेच धोरण होते. ब्रिटिश त्याच वाटेने आलेले पुढचे पाहुणे.

निळी शाई
पाहुणे म्हणता, पण या पाहुण्यांनी 1895 मध्ये काय केले ते आपण सोयीस्करपणे गाळलेत. ब्रिटिशांनी परत मागितलेल्या बंदुका देण्यास बुकुसूंनी नकार दिला आणि त्या आणण्यासाठी धाडलेल्या सुदानी शिपायांना ठार केले, हे मोहिमेचे निमित्त. त्यानंतर ब्रिटिश अधिकारी चार्ल्स हॉब्ली सुदानी शिपाई, युगांडातल्या बागांडांच्या तुकड्या, मसाई आणि वांगाचे लढवय्ये एवढे सगळे बळ घेऊन चालून गेला. आधी लुम्बोका पडले, मग आजच्या वेबुयेजवळच्या टेकडीवरचे चेतांबे. बुकुसूंच्या या गढ्या म्हणजे भोवती खंदक आणि मातीची भिंत असलेली तटबंद गावे. भाले आणि थोड्याफार जुन्या बंदुका असणाऱ्या शेजाऱ्यांविरुद्ध त्या उपयोगी पडत. आधुनिक बंदुकांपुढे तीच भिंत आतल्या माणसांना कोंडून ठेवणारी ठरली. गुरे लुटली गेली, माणसे मारली गेली. आपले-परके हा हिशेब मुमियापुरता ठीक असेल, पण तटाच्या आत असलेल्यांनी तो का मान्य करावा? केनिया नव्हता म्हणून फितुरीही नव्हती, हा युक्तिवाद वकिली आहे.

वाटाड्या
वकिली म्हणा हवे तर, पण मुमियापुढे दुसरा पर्याय कोणता होता तेही सांगा. जॅक्सनच्या पाठोपाठ 1890 मध्ये जर्मन कार्ल पीटर्स याच भागातून करार गोळा करत गेला, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये ब्रिटन आणि जर्मनी यांच्यातल्या हेलिगोलँडच्या तहाने हा सारा टापू ब्रिटिशांच्या वाट्याला गेला. तो निकाल युरोपात लागला, मुमियाला कोणी विचारलेही नाही.

दप्तरी
आपण दोघेही मुमियाला फार मोठा करत आहात, असे मला वाटते. 1880 च्या दशकातील वांगा हे बेताचे राज्य होते आणि बुकुसू किंवा इतर गटांवर त्याचा अंमल नव्हता. ‘सर्व लुह्यांचा राजा’ ही प्रतिमा मुख्यतः प्रशासनाची गरज म्हणून वाढली, कारण शंभर कुळांशी बोलण्यापेक्षा एका दरबाराशी बोलणे साहेबाला सोपे होते. 1909 मध्ये मुमियाला उत्तर काविरोंडोचा (या लुह्या मुलखाच्या ब्रिटिश जिल्ह्याचा) सर्वोच्च प्रमुख नेमले. त्याचा भाऊ मुलामा मरामा या दुसऱ्या लुह्या गटाच्या मुलखात आणि दुसरा भाऊ मुरुंगा बुकुसूंच्या मुलखात प्रमुख झाला. ही सत्ता किती उसनी होती ते तिच्या ओहोटीवरून कळते. 1901 अखेर रेल्वे किसुमूला पोहोचली आणि मुमियाच्या राजधानीवरून जाणाऱ्या काफिल्यांची वाट मागे पडली. 1920 मध्ये जिल्ह्याचे ठाणे काकामेगाला हलले, तेव्हा उरलेसुरले महत्त्वही गेले. त्यानंतर मुमिया 1949 पर्यंत जगला, पण कारभारात त्याला फारसे स्थान उरले नव्हते. ज्याच्या हाती निर्णय नव्हते त्याला मुत्सद्दी म्हणणेही जड जाते.

निळी शाई
उसनी सत्ताही जाचतेच. झोपडीकर गोळा करण्याचे काम याच नेमलेल्या प्रमुखांकडे होते. तो कर भरायचा कशात, तर 1920 पर्यंत तिथे चलन असलेल्या हिंदुस्थानी रुपयांत. म्हणजे रोकड मिळवण्यासाठी मजुरीला जाणे आले. मरामातल्या माणसाला साहेब क्वचित दिसे. दारात येणारा करवसुलीचा माणूस वांगाच्या प्रमुखाने धाडलेला असे, म्हणून पुढे ‘आमचा प्रमुख आमच्यातला हवा’ ही मागणी जोर धरत गेली, तिचा रोख थेट वांगा घराण्यावर होता. दप्तरी यांच्या मांडणीत दोष प्रशासनाचा होतो आणि घराणे नुसते बाहुले ठरते, ते मला मान्य नाही. भावांना जागा मिळत असताना दरबार नको म्हणाला नाही.

वाटाड्या
मग 1930 च्या दशकाचे काय करायचे? काकामेगात सोने सापडले, 1932 मध्ये सरकारने राखीव जमिनीसंबंधीचा आपलाच कायदा बदलून खाणींची वाट मोकळी केली, आणि त्या अन्यायातून नॉर्थ काविरोंडो सेंट्रल असोसिएशन पुढे आली. सरकारशी भांडणाऱ्या या तरुण, शिकलेल्या मंडळींनी सर्वांच्या वतीने बोलणारा एक सर्वोच्च प्रमुख मागितला, आणि त्या जागेसाठी त्यांनी मुलामाचीच बाजू घेतली. घराण्याविषयी नुसता द्वेष असता तर हे घडले नसते.

निळी शाई
त्यांना जमीन वाचवण्यासाठी एक आवाज हवा होता, आणि साहेबाने आधीच मान्य केलेले घराणे तेवढे एकच होते. यात वांगाविषयीच्या प्रेमापेक्षा निरुपाय अधिक दिसतो. बुकुसूंचे म्हणणे ऐकायचे तर एलिजा मसिंदेच्या ‘दिनी या म्साम्ब्वा’ या पंथाकडे पाहावे लागेल. मुमिया हयात असताना, 1947 मध्ये, मसिंदे अनुयायांना घेऊन चेतांबेच्या गढीवर गेला आणि 1895 मध्ये पडलेल्यांसाठी विधी केले. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत मलाकिसीला पोलिसांच्या गोळीबारात या पंथाची माणसे मेली. बावन्न वर्षांनंतरही त्यांना चेतांबेचे मृत आपले वाटत होते, आणि त्या हल्ल्यात वांगाचे लढवय्ये कोणाच्या बाजूने होते, हेही ते विसरले नव्हते.