कासच्या राजमार्गावर आठवड्यातून दोन दिवस फक्त सायकली : का नको?

मुरूमस्वार :

साताऱ्यात, गोडोलीत राहतो. दीड वर्षापूर्वी ग्रॅव्हल बाईक घेतली तेव्हा बायकोनं विचारलं, "रस्त्यावरची एक आहेच, डोंगरातली एक आहेच, आता ही कुठली?" ही मधली. हँडल रेसच्या सायकलीसारखं खाली वळलेलं, टायर मात्र ४०-४५ मिलिमीटर रुंद. हवा कमी भरायची, म्हणजे मुरमावर, खडीवर सायकल उडत नाही.

आता मुद्दा. इटलीत, आल्प्सच्या पीडमाँट भागात, अस्सिएत्ता नावाचा कच्चा रस्ता आहे. डोंगराच्या धारेवरून, बराचसा २,००० मीटरच्या वर, मूळचा लष्करी. आजूबाजूला दोन निसर्ग उद्यानं. जुलै-ऑगस्टमध्ये बुधवारी आणि शनिवारी तिथे मोटारी, मोटारसायकली बंद. चाला नाहीतर सायकल मारा. शेजारच्या फिनेस्त्रे खिंडीवर (२,१७६ मीटर) तर जिरो द इतालियासारखी मोठी सायकल शर्यत जाते. वरचे साधारण ८ किलोमीटर मातीचे आहेत, ते मुद्दाम तसेच ठेवलेत. २०१८ साली ब्रिटिश सायकलपटू क्रिस फ्रूमनं तिथूनच एकट्यानं मुसंडी मारली आणि शर्यत फिरवली.

आपल्याकडे काय? कासच्या पुढे कुमुदिनी तळ्याच्या अंगानं जाणारा जुना राजमार्ग आहे. फुलांचे महिने सोडून, नोव्हेंबर ते मे, बुधवार-शनिवार तिथे मोटारी बंद करून फक्त सायकली सोडल्या तर? धूर नाही, हॉर्न नाही, स्पीकर नाही. विरोध कोणाचा आणि कशासाठी, ते ऐकायचंय.

दंडोबाकर :

कल्पना झकास. पण एक सांगा राव, तुम्हा सातारकरांना कास सोडून दुसरा डोंगर दिसत नाही का? आम्ही मिरजेची माणसं दंडोबावर जातो. ताकारी-म्हैसाळच्या कालव्यांकडेचे कच्चे रस्ते तर अशा सायकलीसाठीच केल्यासारखे आहेत. ऊस, द्राक्षबागा, मध्येच एखादं कुत्रं मागं लागतं, तोच आमचा इंटरव्हल ट्रेनिंग.

जांभ्याखालचा :

मी वनस्पतिशास्त्र शिकवतो, पोरांना घेऊन दरवर्षी पठारावर जातो. सायकलही चालवतो (साधी). तरी माझा विरोध आहे, आणि तो नेमका तुमच्या "फुलांचे महिने सोडून" या शब्दांना आहे.

सडा म्हणजे काय ते आधी बघा. खाली काळा बेसॉल्ट, वर जांभ्याचं कवच, आणि त्यावर कुठे बोटभर तर कुठे वीतभर माती. एवढ्याशा मातीत ८५० च्या आसपास जातींच्या सपुष्प वनस्पती नोंदल्या गेल्यात, म्हणून २०१२ साली पश्चिम घाटातल्या जागतिक वारशाच्या ठिकाणांत कासचं नाव लागलं. सप्टेंबरात हे सगळ्यांना दिसतं. शिट्ट्या, तिकीट, स्वयंसेवक, सगळं त्याच दिवसांत.

नोव्हेंबरनंतर पठार काळं-तपकिरी, ओसाड दिसतं. लोकांना वाटतं, आता इथे काही नाही. असतं ना! वायतुऱ्याचा कंद खालीच असतो. या झाडाच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे, आपोनोजेटॉन सातारेन्सिस. कंदीलपुष्पाचे, आमरीचे कंद तिथेच. तेरडा, सीतेची आसवं यांचं बी त्या बोटभर मातीत पहुडलेलं. पावसाळ्यात माणूस फूल बघून पाय तरी उचलतो, उन्हाळ्यात बिनदिक्कत वाट सोडतो. जास्त नुकसान "हंगाम संपल्यावर"च होतं, असं माझं वर्षानुवर्षं बघून झालेलं मत आहे.

दुसरं, चाकोरी. चाक एका रेषेत जातं. त्या रेषेचा पन्हाळ होतो. पुढच्या पावसात पाणी सड्यावर पसरून साचायच्या ऐवजी त्या पन्हाळातून वाहून जातं. ज्या डबक्यात वायतुरा यायचा ते डबकंच भरत नाही.

आणि तुमच्या इटलीला वर्षातले कित्येक महिने बर्फ पडून सक्तीची सुट्टी मिळते. रस्ता बंद, डोंगर झोपलेला. आपल्याकडे उलटं आहे. पावसाळा हाच इथला जागता काळ, आणि झोपेच्या वेळी तुम्ही अंगावरून सायकली न्यायच्या म्हणता.

मुरूमस्वार :

सर, मी सड्यावरून जायचं म्हणतच नाही. रस्ता आहे तो आहे, कित्येक पिढ्या लोक त्यावरून गेलेत. त्याच रस्त्यावरून. ज्या रस्त्यावर दीड-दोन टनांची जीप चालते तिथे सायकल-माणूस मिळून ८५ किलो म्हणजे काय हो?

जांभ्याखालचा :

८५ किलो काहीच नाही. पण जीपवाला रस्ता सोडत नाही, कारण जांभ्यावर त्याचा चेंबर फुटतो. तुमची सायकल रस्ता सोडू शकते, आणि तेवढ्यासाठीच तुम्ही ती घेतलीये.

(बरं, टायरच्या खाचांत खालचा चिखल येतो, त्यातून गाजरगवताचं बी येतं. हे राहिलं होतं.)

वारणाकाठ :

इथे फुलांचं आणि टायरचं चाललंय, मी माणसांचं बोलतो.

माझं मूळ गाव आज चांदोली राष्ट्रीय उद्यानाच्या आत आहे. "आहे" म्हणायचं, जोती उरलीत फक्त. १९८५ ला अभयारण्य झालं, २००४ ला राष्ट्रीय उद्यान, २०१० ला कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. आम्ही मधल्या काळात खाली आलो. माळावरची जमीन मिळाली, पाण्याला वर्षं गेली. आजा शेवटपर्यंत म्हणायचा, "वाघासाठी उठलो, वाघ तरी आला का बघा."

आज देवाला जायचं तर आम्ही अर्ज करतो. किती माणसं, कुठली गाडी, कधी परत, सगळं लिहून. एका वर्षी यात्रेच्या दोन दिवस आधी परवानगी हातात पडली. माझी चुलती ७० ची, तिला यादीत नाव नाही म्हणून नाक्यावर बसवून ठेवलं.

आता शहरातली माणसं लाखाची सायकल घेऊन म्हणणार, "आमच्यासाठी दोन दिवस रस्ता मोकळा करा." आज कास, उद्या चांदोली. मला सायकलीचा राग नाही. पण ज्यानं ती वाट पायानं पाडली त्याला अर्ज, आणि ज्यानं ती मोबाईलवर बघितली त्याला वार राखीव, हे पटत नाही.

मुरूमस्वार :

वारणाकाठ, यावर माझ्याकडे उत्तर नाही. चांदोली माझ्या डोक्यात नव्हतं, एवढंच खरं सांगतो.

नियमानुसार :

थोडी गल्लत होतेय. कास हे राखीव वन आहे. चांदोली, कोयना यांना १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागतो. तिथे प्रवेशाची परवानगी कलम २८ खाली, आणि त्यात पर्यटन हे कारण धरलेलं आहे. दोन्हींचा कायदा वेगळा, परवानगीची वाट वेगळी.

वारणाकाठ :

कलम तुम्हाला पाठ, आम्हाला नाका पाठ.

कासवाला :

(नाव कास-वाला असं वाचा. कासवाला नाही. आधीच सांगतो, दर वेळी कोणीतरी सशाचा इनोद करतं.)

मी पठाराखालच्या गावचा. हंगामात पोरं पठारावर राबत्यात, कास, एकीव, आटाळी, कासाणी अशा गावांची समिती हाय. दिवसाला ३,००० माणसाची मर्यादा ठरवली तवा कुटं जरा श्वास घ्यायला जागा झाली.

मुरूमस्वार दादा, तुमी बुधवार-शनिवार मोटार बंद म्हनताय. आमी काय करायचं? त्या इटलीच्या डोंगरावर कोन राहतंय का बाराही महिने? हितं राहत्यात. बाळंतीन न्यायची तर जीप. सिलेंडर आनायचा तर जीप. दवाखान्याला, कोर्टाला, साताऱ्याला जायाला जीप. वार बघून दुखनं येत नाही.

आनी सर, तुमचंबी ऐका. मागं पठाराला कुंपन घातलं तवा आमी सांगत हुतो, गुरं चरली न्हाईत तर गवत माजंल आनी फुलं दबत्याल. कोन ऐकलं न्हाई. मागनं शहानी मानसं तेच बोलाय लागली, मग काढलं कुंपन. गुराच्या खुरानं सडा मोडत न्हाई म्हनता, मग सायकलीच्या चाकानं कसा मोडतो?

अजून एक. गवा. पहाटं सायकल आवाज न करता वळनावर येती. जीपचा आवाज लांबनं येतो, गवा बाजूला हुतो. सायकल एकदम म्होरं. गवा दचकला तर पळून जाईल असं समजू नका.

जांभ्याखालचा :

कासवाला, कुंपणाच्या बाबतीत तुम्ही बरोबर होतात, मी चूक होतो. तेव्हा मीही कुंपणाच्या बाजूनं बोललो होतो. पण खूर आणि चाक एक नाही. गुरं पसरून चरतात, गवत खातात, शेण टाकतात. चाक एकाच रेषेवरून पुन्हा पुन्हा जातं. शंभर गुरांपेक्षा एकामागोमाग गेलेली वीस चाकं जास्त खोल रेघ काढतात.

दंडोबाकर :

गव्याचं ऐकून माझा तर पाठिंबा काढून घेतला. कुत्रं परवडलं.

विनोद सोडा. सातारकर, तुम्हाला मुरूमच पाहिजे ना? चाळकेवाडीला पवनचक्क्यांसाठी केलेल्या कच्च्या वाटा आहेत, तिथे वारा असा की उतारावरसुद्धा पॅडल मारावं लागतं. कासच पाहिजे हा हट्ट फोटोसाठी आहे. कबूल करा.

मुरूमस्वार :

थोडा आहे. कबूल.

पण सगळा नाही. यवतेश्वरच्या घाटात लहानपणी वडील मला पुढच्या दांड्यावर बसवून उतारानं खाली आणायचे. आज त्याच घाटात रविवारी सायकल घालायची हिंमत होत नाही. वरपर्यंत हॉटेलं, गाड्यांची रांग, आरशाला आरसा घासतोय. पठारावर जी मोटारींची गर्दी येते तिच्यावर इथे कोणी अवाक्षर काढलं नाही, आणि सायकलीवर मात्र सगळे तुटून पडलात. याची मला गंमत वाटते.

तरी माझा प्रस्ताव बदलतो. राजमार्ग काढून टाका. मोटारबंदी फक्त साताऱ्याकडून यवतेश्वरमार्गे येणाऱ्या पर्यटकांच्या गाड्यांना, डांबरी रस्त्यावर, महिन्यातून एक रविवार, सकाळी ६ ते ९. गावच्या जीपा, एसटी, रुग्णवाहिका चालू. हिल मॅरेथॉनला आपण घाट अडवतोच की दरवर्षी.

कासवाला :

हे चालंल. पन ९ म्हंजे ९. साडेनऊला बंदोबस्ताचा मानूस न्हवता म्हनून दोन तास अडाकलं, असं झालं तर पुढल्या महिन्यात आमीच बैलगाडी आडवी लावू. आनी चहा वर गावातच प्यायचा, डब्बा बांधून यायचं न्हाई.

जांभ्याखालचा :

डांबरी रस्त्याला माझी हरकत नाही. पण मग ग्रॅव्हल बाईक कशाला घेतलीत?

मुरूमस्वार :

बायकोपण हेच विचारते.

दंडोबाकर :

येत्या रविवारी पहाटे साडेपाचला निघतोय. मिरजेहून दंडोबा, परत कालव्यानं. मुरूम भरपूर, गवा नाही. मुरूमस्वार, आदल्या रात्री या, झोपायला जागा आहे. ट्यूबलेस असले तरी दोन ट्यूब आणा, कालव्याला बाभळीचे काटे आहेत. वारणाकाठ, तुम्हीपण या. सायकल नसली तर माझी जुनी देतो, ब्रेक जरा आवाज करतात.

वारणाकाठ :

सायकल आहे. साधीच आहे, मागं कॅरियर आहे. चालेल का?

दंडोबाकर :

कॅरियर असेल तर भडंग तुमच्याकडे.