मदत हवी आहे: एकाच प्रायमरचे तीन टीएम, ऑर्डर देऊ की थांबू?

मंडळी, एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचा जीन (717 बेस, म्हणजे डीएनएची अक्षरं) पेट-28ए या प्लाझ्मिडमध्ये टाकायचाय. कापायला एन्झाइम्स: पुढे एनडीई-1, मागे एक्सएचओ-1.

प्रायमर (पीसीआरमध्ये प्रत जिथून सुरू होते तो डीएनएचा छोटा तुकडा) काढायला प्रायमर3 या प्रोग्रॅममध्ये आख्खा सीक्वेन्स डकवला, तर पठ्ठ्याने जीनच्या मधलेच तुकडे काढून दिले. मला तर एटीजीपासूनच, म्हणजे जीनच्या सुरुवातीपासून हवाय! शेवटी फॉरवर्ड (पुढच्या टोकाचा) प्रायमर हातानेच बनवला: जीनचे पहिले 24 बेस (जी-सी मिळून 8), त्याआधी सीएटी, म्हणजे एनडीई-1 कापतो ती साइट (सीएटी-एटीजी) पूर्ण, आणि अगदी पुढे एन्झाइमला बसायला जीजीएएटीटीसी. एकूण 34.

आता टीएम, म्हणजे निम्मे प्रायमर सुटतात ते तापमान. 24 बेसवर 2-4च्या हिशोबाने (ए-टीला 2, जी-सीला 4 अंश) 64. त्याच 24ला लांब सूत्राने (64.9 + 41 × (जीसी − 16.4) ÷ लांबी) 50.5. पूर्ण 34ला तेच सूत्र 59.6 देतं. अ‍ॅनीलिंग (प्रायमर चिकटायचं तापमान) कितीला ठेवू? शिवाय सेल्फ-डायमरही (प्रायमर आपल्याच प्रतीला चिकटणं) लाल दाखवतंय. ऑर्डर उद्या जायचीय.

प्रतिसाद 1:
24चाच धर. पहिल्या फेऱ्यांत टेम्प्लेटवर (मूळ डीएनएवर) तेवढाच भाग चिकटतो, शेपटी नंतर जमेस येते. 2-4चं गणित दहा-बारा बेसच्या तुकड्यांपुरतं, 64 सोडून दे. 50पासून वर ग्रेडियंट (एकाच वेळी वेगवेगळी तापमानं) लाव. डायमर दिसतोय तो जीजीएएटीटीसीसीमुळे, त्याची पूरक साखळी उलट वाचली तरी तेच येतं. पण तो पाच-प्राइम (सुरुवातीच्या) टोकाला आहे आणि पॉलिमरेज (डीएनए बनवणारं एन्झाइम) वाढवतं तीन-प्राइमकडून (शेवटाकडून), तेव्हा फार घाबरू नकोस.
(प्रायमर3प्लसमध्ये ‘क्लोनिंग’ हा टास्क आहे, त्यात टोकं तू सांगशील तीच धरतात.)

खरी गोची वेगळीच. जेलीफिशचा मूळ जीएफपी असेल तर 77-78व्या कोडॉनवर (तीन-तीन बेसचे गट) सीएटी-एटीजी आहे. म्हणजे एनडीई-1 तुझा इन्सर्टच (घालायचा जीन) 230व्या बेसच्या आसपास कापणार! प्रायमर3 कटिंग साइट बघतच नाही, स्नॅपजीन किंवा बेंचलिंग या सॉफ्टवेअरमध्ये टाकून बघ. एनसीओ-1 या दुसऱ्या एन्झाइमची साइटही आत सापडेल. त्याऐवजी एनएचई-1 घे, एटीजीच्या आधी जीसीटीएजीसी लावलं की हिस-टॅगशी (प्लाझ्मिडमधली प्रथिन शुद्ध करायची शेपटी) फ्रेम (तीन-तीनची वाचणी) जुळते.

धागाकर्ता:
आईशप्पथ. आत्ता कंट्रोल-एफ मारलं. आहे. आणि मी दोन दिवस टीएम मोजत बसलो होतो.