वाय-९० नंतर दीड महिन्याने पोटदुखी, पँटोप्रॅझोलने फरक नाही

काठावरचा: वडिलांना यकृताच्या कॅन्सरसाठी वाय-९० (टीएआरई, म्हणजे धमनीतून यकृतात किरणोत्सर्गी कण सोडण्याचा उपचार) दिलंय. आता जेवलं की छातीच्या हाडाखाली दुखतं, मळमळतं, चार घासांत पोट भरतं. ताप नाही. पँटोप्रॅझोल ४० (ॲसिड कमी करणारी गोळी) सकाळी एक चालू आहे. हा एम्बोलायझेशननंतरचा (असे कण धमनीत सोडल्यानंतरचा) नेहमीचा त्रासच का?

कॅथलॅब: तो त्रास साधारण आठ-दहा दिवसांत ओसरतो. दीड महिन्याने असं दुखतंय म्हणजे जठरात किंवा ड्युओडेनममध्ये (लहान आतड्याच्या सुरुवातीला) अल्सर आहे का, ते दुर्बिणीने बघायलाच हवं. यकृताच्या धमनीच्या आसपासच राइट गॅस्ट्रिक आणि गॅस्ट्रोड्युओडेनल हे फाटे निघतात. कण चुकून तिकडे वळले की जठराच्या भिंतीत रुततात. वाय-९०चं अर्धायुष्य ६४ तास, म्हणजे किरणोत्सर्ग केव्हाच संपला. जखम मात्र उशिरा डोकं वर काढते. म्हणून तर आधी अँजिओ आणि एमएए स्कॅन (कण कुठे जातील ते दाखवणारी चाचणी) करतात, गरज पडल्यास फाटा कॉइलने (बारीक तारेच्या गुंडाळीने) बंद करतात. या तपासण्यांचा, म्हणजे मॅपिंगचा रिपोर्ट सोबत न्या. नेमका तोच कागद घरी राहतो.

स्लाइडवाला: बायोप्सीच्या फॉर्मवर ‘वाय-९० झालंय’ असं ठळक लिहून घ्या, नाहीतर ‘गॅस्ट्रायटिस’ एवढाच रिपोर्ट हातात पडायचा. ऊतीत गोल, गडद कण दिसले की निदान पक्कं. वाय-९०चे रेझिनचे (प्लास्टिकसारखे) कण २० ते ६० मायक्रॉनचे असतात. सिरॉसिस (यकृत कडक होणं) असेल तर प्लेटलेट आणि आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) आधी करा, त्याच दुर्बिणीत व्हेरिसेसही (अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा) बघून होतील.

गोळीने फरक पडत नाही, कारण इजा भिंतीच्या आतून आहे. ॲसिड फक्त ती चिघळवतं. डोस बहुधा दिवसातून दोनदा करतात, जेवणाआधी अर्धा तास. जोडीला सुक्राल्फेट (अल्सरवर थर देणारं औषध), पण बाकीच्या गोळ्यांपासून दोन तास लांब. अल्सर भरायला महिने लागतात. काहींचा भरतच नाही, मग ऑपरेशनचा विचार होतो.

साधी_खिचडी: दुखण्यावर डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन अजिबात नको, अल्सर आणि किडनी दोन्हींसाठी. मेडिकलवाला देतो त्या ‘कॉम्बिनेशन’ गोळीत ते लपलेलं असतं, पाकिटामागे वाचा. पॅरासिटामॉल चालतं, सिरॉसिसमध्ये सहसा दिवसाला २ ग्रॅमच्या आत.

शी काळी, डांबरासारखी चिकट झाली किंवा उलटीत रक्त आलं तर ओपीडीची वाट न बघता थेट कॅज्युअल्टी. लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळा होतो, पण ती चिकट नसते. शंका आली तरी दाखवाच.

कॅथलॅब: दुखणं उजवीकडे सरकलं आणि ताप आला तर पित्ताशयाची सोनोग्राफी सांगा. सिस्टिक (पित्ताशयाच्या) धमनीतूनही कण जातात.