छोटा डेस्कटॉप: तयार घ्यावा की सुटे भाग आणून जुळवावा?

कोपरा_टेबल (धागाकर्ता)

टेबलाच्या कोपऱ्यात मावेल असा छोटा डेस्कटॉप हवा आहे. काम म्हणजे ब्राउझर, मोठ्या स्प्रेडशीट, रॉ फोटोंवरचं काम आणि महिन्यातून दोन-तीनदा ४के व्हिडिओचं एडिटिंग. गेम जवळपास नाहीत, पण पुढेमागे ग्राफिक्स कार्ड लावावंसं वाटलं तर वाट बंद झालेली नको. सहा-सात वर्षं चालावा. तयार मिनी पीसी आणि मिनी-आयटीएक्स (छोट्या मापाचा मदरबोर्ड) जुळणी यांत अडकलो आहे. मिनी पीसीत नेमकं काय तपासायचं? आणि जुळणीत माणसं कुठे फसतात?

मोजपट्टी

तुमचा निर्णय "पुढेमागे ग्राफिक्स कार्ड" या शब्दांवर ठरतो. तळहाताएवढ्या मिनी पीसीत किंवा सुमारे एक लिटर आकारमानाच्या ऑफिस संगणकात (डब्यात) पूर्ण मापाचं कार्ड कधीच बसत नाही. थंडरबोल्ट किंवा ऑक्युलिंक या वेगवान पोर्टवरून बाहेर जोडता येतं, पण मग कार्डाची वेगळी पेटी आणि वेगळा पॉवर सप्लाय टेबलावर येतो आणि छोटेपणाचा अर्थच उरत नाही. कार्ड खरंच लागणार असेल तर जुळणी करा. नुसतं "असावं म्हणून" असेल तर मिनी पीसी घ्या, कमी पसाऱ्यात आणि कमी विजेत काम होईल.

मिनी पीसी घेताना आधी रॅम बघा. सो-डिम (लॅपटॉपसारख्या, रॅम बदलता येणाऱ्या) खाचांत आहे की बोर्डावर सोल्डर केलेली? नावात एलपीडीडीआर दिसलं तर बहुधा सोल्डर केलेली असते, म्हणजे जितकी घ्याल तितकीच कायमची. खाचा असतील तर दोन्ही भरलेल्या घ्या. अंगभूत (प्रोसेसरमधलंच) ग्राफिक्स साध्या रॅमवरच चालतं. रॅमची एकच काडी (पट्टी) असली की बँडविड्थ निम्मी होते आणि फटका आधी तिथेच बसतो.

मग प्रोसेसरची पॉवर मर्यादा. तोच चिप एका डब्यात ५४ वॅटवर सतत चालतो, दुसऱ्यात दोन मिनिटांत ३५ वर उतरतो. जाहिरातीत फक्त चिपचं नाव असतं. व्हिडिओ एक्सपोर्टसाठी अर्धा तास सलग भार टाकून घेतलेली चाचणी शोधा, पाच मिनिटांच्या बेंचमार्कवरून काही कळत नाही. पंखाही तिथेच बघा: छोटा ब्लोअर जोरात फिरला की आवाज बारीक आणि टोचणारा येतो.

ऑफिसातून बाहेर पडलेले एक लिटरचे डबे वापरलेले घेणार असाल तर अॅडॉप्टर किती वॅटचा आहे ते पाहा. नावात टी असलेल्या ३५ वॅटच्या प्रोसेसरला ६५ वॅटचा पुरतो. ६५ वॅटचा प्रोसेसर असेल आणि अॅडॉप्टर तोच, तर यंत्र सुरू होताना इशारा देतं किंवा वेग उतरवतं. शिवाय विंडोज ११ साठी टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) आणि इंटेल ८ व्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो.

सुटा_स्क्रू

जुळणीच्या बाजूने लिहितो. फसगत बहुतेक वेळा मापात होते, म्हणून आधी केस ठरवा, मग बाकीचं.

मिनी-आयटीएक्स बोर्ड १७० × १७० मिमी. त्यावर रॅमच्या दोनच खाचा आणि कार्डासाठी एकच. केसच्या माहितीतले तीन आकडे कागदावर लिहा: कूलरची कमाल उंची, कार्डाची लांबी-जाडी, पॉवर सप्लायचा प्रकार. छोट्या केसमध्ये एसएफएक्स हा छोट्या मापाचा सप्लाय लागतो (१२५ × ६३.५ × १०० मिमी). एसएफएक्स-एल ३० मिमी लांब असतो, आणि त्या ३० मिमीत कार्डाच्या वायरी चेपल्या जातात. कार्डाला १२व्हीएचपीडब्ल्यूआर (वीजपुरवठ्याचा) जोड असेल तर वायर वळवण्याआधी सुमारे ३५ मिमी सरळ जागा ठेवा. वळण जोडाला चिकटून दिलं तर संपर्क सैल पडतो आणि जोड तापतो.

बसक्या कूलरखाली उंच हीटसिंकची रॅम अडते. उघडी काडी साधारण ३१ मिमी उंच असते, शोभेची ४२-४५ पर्यंत जाते. उघडीच घ्या.

जुळणीचा क्रम महत्त्वाचा आहे. बोर्ड खोक्यावर ठेवून प्रोसेसर, कूलर, रॅम आणि पॉवर सप्लाय जोडून बाहेरच चालवून बघा. डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा पडदा काही मिनिटं काळा राहू शकतो. तेव्हा रॅमचं ट्रेनिंग (बोर्डाने रॅमशी जुळवून घेणं) चालू असतं, घाबरून बंद करू नका. बोर्डाच्या मागच्या बाजूची एम.२ एसएसडी (पट्टीसारखी छोटी ड्राइव्ह) बोर्ड केसमध्ये कसण्याआधीच लावा, आणि प्रोसेसरची ८ पिनी वायरही तेव्हाच ओढून घ्या. नंतर त्या कोपऱ्यात बोट जात नाही.

कार्ड उभं बसवणाऱ्या केसमध्ये रायझर केबल (कार्ड बोर्डाच्या खाचेशी जोडणारी) असते. केबल पीसीआयई (कार्डाच्या खाचेचं मानक) ३ ची आणि बोर्ड-कार्ड ४ चं असेल तर चित्रच येत नाही किंवा मधूनच पडदा काळा होतो. मॉनिटर बोर्डाच्या पोर्टला लावा, बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) त्या खाचेचा वेग जेन ३ करा. त्यासाठी प्रोसेसरला अंगभूत ग्राफिक्स हवं. इंटेलच्या एफ शेपटीच्या चिपमध्ये ते नसतं.

आणि कळकळीने सांगतो: एका मॉड्युलर (वायरी सुट्या होणाऱ्या) पॉवर सप्लायच्या वायरी दुसऱ्याला लावू नका. जोड सारखा दिसला तरी सप्लायच्या टोकाकडची पिनांची मांडणी कंपनीगणिक, कधी मॉडेलगणिक वेगळी असते. ड्राइव्ह किंवा बोर्ड क्षणात जळतो.

शांत_पंखा

दोन्ही प्रतिसादांशी सहमत, फक्त एक भर. आयटीएक्सचा हट्ट खरंच आहे का ते बघा. मायक्रो-एटीएक्स बोर्ड २४४ × २४४ मिमी असतो, २० लिटरच्या आसपासच्या केसमध्ये बसतो. रॅमच्या बहुधा चार खाचा मिळतात, बोर्डांत निवडही जास्त. टेबलाखाली जागा असेल तर हा मार्ग सोपा.

मोठ्या कंपन्यांचे तयार छोटे टॉवर मात्र जपून घ्या. बोर्ड आणि पॉवर सप्लाय अनेकदा त्यांच्याच खास मापाचे आणि खास जोडाचे असतात. पाच वर्षांनी सप्लाय गेला तर बाजारातला एसएफएक्स बसणार नाही.

कोपरा_टेबल

फार उपयोगी. कार्डाचा विचार सोडला तरी चालेल असं आता वाटतंय. एक सांगायचं राहिलं: कॅमेऱ्याचं फुटेज एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून साठवण्याचा प्रकार), १०-बिट, ४:२:२ (रंगाची माहिती साठवण्याची पद्धत) आहे. त्याने फरक पडतो का?

मोजपट्टी

पडतो, आणि बराच. या प्रकाराचं हार्डवेअर डिकोडिंग (चिपमधल्या खास भागाने व्हिडिओ उलगडणं) इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये ११ व्या पिढीच्या आयरिस एक्सईमध्ये आणि त्यापुढे आहे. एएमडीच्या ७८०एम या अंगभूत ग्राफिक्समध्ये नाही, एरवी तो जोरदार असला तरी. तिथे सगळा भार कोरवर येतो आणि टाइमलाइन अडखळते. मग प्रत्येक वेळी प्रॉक्सी फाइल (हलकी प्रत) बनवून काम करावं लागतं.

म्हणून तुम्हाला इंटेलचा मिनी पीसी: सो-डिमच्या दोन खाचा, ३२ जीबी (१६ च्या दोन काड्या), आणि एम.२ च्या दोन जागा, एक सिस्टिमला, एक फुटेजला. दुसरी जागा साटा (हळू) आहे की एनव्हीएमई (वेगवान) ते विचारून घ्या, खाच दिसायला सारखी असते. इंटेल एन१०० प्रोसेसरवाले घेऊ नका: चार छोटे कोर आणि रॅमचा एकच चॅनेल, रॉ फोटोंना तो अपुरा पडेल. डबा मॉनिटरच्या मागे लावणार असाल तर गरम हवा कुठल्या बाजूने बाहेर पडते ते बघून लावा, ती बाजू भिंतीकडे किंवा पॅनेलकडे नको.