दिसणाऱ्या आकड्यांची बेरीज आणि शीटमधली एकूण बेरीज जुळत नाही

रकाना_चार

एक्सेलमध्ये ए रकान्यात मूळ रकमा आहेत: ५९.०५, ११६.१९ आणि १७३.३४. बी रकान्यात त्यावर १७.५ टक्के आकार काढला आहे, फॉर्म्युला =ए२*०.१७५ असा. दशांश कमी करायचं बटण दाबून दोन स्थळं ठेवली, तर १०.३३, २०.३३, ३०.३३ असं दिसतं. बी५ मध्ये =सम(बी२:बी४) दिलं आहे आणि तिथे ६१.०० येतं. कॅल्क्युलेटरवर हेच तीन आकडे मिळवले की ६०.९९ होतात. यातलं बरोबर कुठलं? आणि सगळीकडे राउंड (आकडा ठरावीक दशांश स्थळांपर्यंत आणणारं फंक्शन) लावलं तर प्रश्न सुटेल का?

दशांशचिन्ह

ते बटण फक्त आकड्याचं दिसणं बदलतं, सेलमधली किंमत तशीच राहते. तुमच्या बी२ मध्ये खरं तर १०.३३३७५ आहे, बी३ मध्ये २०.३३३२५ आणि बी४ मध्ये ३०.३३४५. त्यांची बेरीज ६१.००१५, म्हणून खाली ६१.०० दिसतं. शीटने चूक केलेली नाही. तिने न दिसणारे अंकही धरले, तुम्ही कॅल्क्युलेटरवर धरले नाहीत, एवढाच फरक.

किंमतच बदलायची असेल तर राउंड फॉर्म्युल्यातच हवं:

=राउंड(ए२*०.१७५,२)

हे तिन्ही ओळींना लावलंत की बेरीज ६०.९९ येईल आणि कागदावर पडताळणाऱ्यालाही तीच मिळेल. पण एकूण रकमेवर आकार काढला, म्हणजे =राउंड(सम(ए२:ए४)*०.१७५,२), तर उत्तर ६१.०० येतं. गणित म्हणून दोन्ही बरोबर आहेत. कुठलं घ्यायचं हे ज्या नियमाने आकार लावला जातो तो नियम ठरवतो: आकार ओळीवर की एकूण रकमेवर? हे आधी नक्की करा, फॉर्म्युला नंतर.

सगळीकडे राउंड मात्र लावू नका. ज्या टप्प्यावर आकडा छापला जातो, दिला जातो किंवा घेतला जातो तिथेच राउंड करावं, मधल्या पायऱ्यांवर नाही. २.४४६ हा आकडा आधी दोन स्थळांना राउंड केला तर २.४५ होतो आणि तोच पुन्हा एका स्थळाला केला तर २.५. थेट एका स्थळाला केला असता तर २.४ आला असता. मोठ्या शीटमध्ये असे दुहेरी राउंड शोधून काढणं फार कष्टाचं असतं.

टेक्स्ट फंक्शनने दोन स्थळं दाखवायचा मोहही टाळा. त्याने आकड्याचा मजकूर होतो आणि सम मजकूर मोजतच नाही. कुठलीही एरर न दाखवता बेरीज शून्य येते.

ओळसंख्या

वरच्या उत्तरात थोडी भर. बी रकाना जसा आहे तसाच ठेवून फक्त बेरीज राउंड केलेल्या किमतींची हवी असेल तर वेगळा रकाना लागत नाही:

=समप्रॉडक्ट(राउंड(बी२:बी४,२))

सम(राउंड(...)) असंही चालतं, पण एक्सेलच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये त्यासाठी कंट्रोल, शिफ्ट आणि एंटर एकत्र दाबावे लागतात. कुणी पुढे तो सेल उघडून नुसतं एंटर दाबलं की फॉर्म्युला बिघडतो. समप्रॉडक्टला ही अडचण नाही.

आणखी एक उपाय कुणी ना कुणी सुचवतंच: फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड इथे जाऊन ‘सेट प्रिसिजन अ‍ॅज डिस्प्लेड’वर खूण करणे. मग शीट जे दिसतं तेच धरून हिशोब करते. कृपया हे करू नका. ही सेटिंग पूर्ण वर्कबुकला लागू होते आणि हाताने भरलेल्या आकड्यांचे न दिसणारे अंक कायमचे जातात. समजा एका सेलमध्ये ०.१७५ हा दर आहे आणि फॉरमॅट टक्क्यांचा, शून्य स्थळांचा. खूण करताक्षणी तो दर ०.१८ होईल. नंतर खूण काढली तरी ०.१७५ परत येत नाही.

फॉरमॅटच्या भरवशावर राहिल्याने आणखी एक गोंधळ होतो. एक्सेलमधून सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी आकडे वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) काढली की तिच्यात दिसणारे आकडे जातात, पूर्ण किंमत जात नाही. म्हणजे सीएसव्हीतल्या तीन ओळी पुन्हा मिळवल्या तर ६०.९९ येतील आणि मूळ शीटमध्ये ६१.००.

रकाना_चार

धन्यवाद. नियम तपासला, आकार एकूण रकमेवरच आहे. म्हणजे ६१.०० पक्कं. पण प्रत्येक ओळीचा वाटाही छापायचा आहे आणि छापलेल्या वाट्यांची बेरीज ६१.००च यायला हवी. शेवटच्या ओळीत हाताने ०.०१ वाढवू का?

शिवाय तपासणीसाठी दोन बेरजांमधला फरक शून्याशी ताडून पाहतो आहे. काही ठिकाणी फरक ०.०० दिसतो तरी उत्तर फॉल्स येतं. ते का?

दशांशचिन्ह

हाताने काही वाढवू नका, रक्कम बदलली की ते तसंच राहून जाईल. आतापर्यंतची बेरीज राउंड करा आणि तिच्यातून आधीच्या ओळींना दिलेलं वजा करा. राउंड न केलेले आकडे बी मध्ये असतील तर सी२ मध्ये:

=राउंड(राउंड(सम(बी$२:बी२),२)-सम(सी$१:सी१),२)

हा फॉर्म्युला खाली ओढला की १०.३३, २०.३४, ३०.३३ मिळतील, बेरीज ६१.००. सी१ मध्ये शीर्षक असलं तरी हरकत नाही, सम मजकूर सोडून देते. सम ऐवजी अधिक-उणे चिन्हं वापरलीत तर मात्र शीर्षकामुळे व्हॅल्यू एरर येईल. ओळी किती का असेनात, फरक साचत जात नाही, कारण प्रत्येक ओळीत आधीचा शिल्लक तुकडा हिशोबात घेतला जातो.

याची मर्यादाही लक्षात घ्या. २०.३३३२५ ला २०.३४ मिळाले, म्हणजे एकटी ती ओळ पाहणाऱ्याला आकडा चुकल्यासारखा वाटेल. आणि ओळींचा क्रम बदलला की वाढीव ०.०१ दुसऱ्या ओळीवर जातो. म्हणून छापण्याआधी सी रकाना कॉपी करून पेस्ट स्पेशलमधून फक्त व्हॅल्यूज चिकटवा.

ओळसंख्या

क्रमाचा परिणाम नको असेल तर सगळ्यांत मोठ्या शिल्लक भागाला आधी द्यायची पद्धत जास्त न्याय्य आहे. टक्केवारी १०० ला जुळवताना मी हीच सुचवेन. समजा चार वाटे आहेत: १४.७०, २३.६०, ३०.५५ आणि ३१.१५. साधं राउंड केलं तर १५, २४, ३१, ३१, म्हणजे १०१. त्याऐवजी आधी सगळ्यांचे पूर्णांक घ्या: १४, २३, ३०, ३१, बेरीज ९८. दोन कमी पडतात. ते दोन सगळ्यांत मोठ्या अपूर्ण भागांना, म्हणजे ०.७० आणि ०.६० ला द्या. आले १५, २४, ३०, ३१, बरोबर १००.

ए२ ते ए५ मध्ये वाटे धरून बी२ मध्ये =इंट(ए२), सी२ मध्ये =राउंड(ए२-बी२,९) आणि डी२ मध्ये:

=बी२+इफ(रँक(सी२,सी$२:सी$५)+काउंटइफ(सी$२:सी२,सी२)-१<=राउंड(१००-सम(बी$२:बी$५),०),१,०)

काउंटइफचा तुकडा सोडू नका. दोन वाट्यांचा अपूर्ण भाग सारखा असला तर रँक दोघांना एकच क्रमांक देतो आणि ठरल्यापेक्षा जास्त वाटलं जाऊ शकतं.

फॉल्सचं कारण वेगळं आहे. शीट आकडे द्विमान पद्धतीत (फक्त ० आणि १ वापरून) ठेवते आणि ०.१ सारखा साधा अपूर्णांकही त्या पद्धतीत नेमका बसत नाही. =१*(०.५-०.४-०.१) लिहून पाहा, शून्याऐवजी अगदी बारीक ऋण संख्या येईल, दशांशचिन्हानंतर सोळा शून्यं असलेली. म्हणून तुलना करताना फरक आधी राउंड करा: =राउंड(बी५-सी५,२)=०.

खूण_वजा

परताव्याच्या ओळी असतील तर ऋण आकडेही तपासून घ्या. राउंड नेमका अर्धा भाग शून्यापासून दूर नेतं, उणे २.५ चं उणे ३ होतं. राउंडडाउन आणि ट्रंक शून्याकडे आणतात, उणे २. इंट मात्र खालच्या पूर्णांकावर जातं, म्हणजे पुन्हा उणे ३. वरची अपूर्ण भागांची पद्धत धन आकड्यांसाठीच वापरा.

ठरावीक पटीत राउंड करायला एमराउंड आहे, पण आकडा आणि पट यांची चिन्हं वेगळी असली की नम एरर येते. पट दशांशात असेल तर ते सीमेवर घसरतं: एमराउंड(६.०५,०.१) ६.० देतं आणि एमराउंड(७.०५,०.१) ७.१. त्यापेक्षा =राउंड(ए२/०.०५,०)*०.०५ लिहा, चिन्हाची अडचण तरी राहत नाही.

मॅक्रो वापरत असाल तर एक फरक जरूर ध्यानात ठेवा. व्हीबीएचं (मॅक्रो लिहायच्या भाषेचं) स्वतःचं राउंड नेमका अर्धा भाग जवळच्या सम, म्हणजे दोनाने भाग जाणाऱ्या, अंकाकडे नेतं, २.५ चे २ आणि ३.५ चे ४. पॉवर क्वेरीही (एक्सेलमधलं डेटा आणून साफ करायचं साधन) काही वेगळं न सांगितल्यास तसंच करते. शीटमध्ये ३ आणि मॅक्रोत २ येत असेल तर कारण हेच. मॅक्रोत वर्कशीटफंक्शन मधलं राउंड बोलावलं की दोन्हीकडे ३ येतात. उलट शीटमध्येच सम अंकाकडे जायचं असेल तर पूर्णांकासाठी हे चालतं:

=इफ(राउंड(अ‍ॅब्स(ए२-ट्रंक(ए२)),९)=०.५,२*राउंड(ए२/२,०),राउंड(ए२,०))

रकाना_चार

सी रकान्याचा फॉर्म्युला लावला, १०.३३, २०.३४, ३०.३३ आणि खाली ६१.००. तपासणीचा सेलही आता ट्रू दाखवतो. परताव्याच्या दोन ऋण ओळी घालून पाहिल्या, तरीही जुळतं.