हळदीच्या पॉलिश ड्रमचं पेटंट : उशीर झाला का?

हळद_फॅब्रिकेटर (वसमत)

नमस्कार मंडळी. वसमत तालुक्यात माझं वेल्डिंगचं दुकान आहे. आयटीआय फिटर झालो, चार वर्षं वाळूजला कंपनीत काढली, मग गावी आलो. गेट, ग्रिल, ट्रॉली सगळं करतो, पण खरा धंदा फेब्रुवारी ते मे, हळदीचा. शिजवायचे कुकर आणि पॉलिशचे ड्रम.

ज्यांच्याकडं हळद नाही त्यांच्यासाठी सांगतो. शिजवून वाळवलेली हळद जाळीच्या ड्रममध्ये टाकून फिरवायची. घासून घासून वरची साल अन् मुळ्या निघतात, पिवळा रंग उघडा पडतो. अडचण एवढीच की ड्रम फिरताना माल वर जातो आणि धप्पकन लोखंडावर आदळतो. गड्ड्याला काही होत नाही, तो दगड. हळकुंड मोडतं. मोंढ्यात व्यापारी मूठभर उचलतो, तुकडा बघतो आणि तिथंच भाव पाडतो.

दोन वर्षांमागं मी कारखान्याच्या भंगारातला जुना कन्व्हेयर बेल्ट आणला, चार बोटं रुंद पट्टे कापले आणि ड्रमच्या आतून एका कडेनं बोल्ट केले, दुसरी कड मोकळी. माल पट्ट्यावर पडतो, पट्टा लवतो, हळकुंड घसरत खाली येतं. तुकडा निम्म्यावर आला. त्या वर्षी एका कृषी प्रदर्शनात ड्रम मांडला. तीन दिवस नुसती गर्दी. एक जण टेप घेऊन आला, आत वाकून मापं घेतली, मीच त्याला चहा पाजला. आज आसपास पाच-सहा जण तोच ड्रम बनवायलेत, माझ्यापेक्षा चार हजारानं स्वस्त. एकानं तर ड्रमवर स्वतःचं नाव रंगवून खाली ‘पेटंटेड’ लिहिलंय!

यंदाचा ड्रम वेगळा आहे. तो कसा ते इथं सगळं टाइप केलं होतं. बायको मागून वाचायली होती, म्हणाली, "पुन्हा चहा पाजायलात का?" म्हणून ते सगळं खोडलं. ड्रम सध्या गोठ्यात झाकून ठेवलाय, घरच्याच हळदीवर चालवून बघितलाय, कुणाला विकला नाही.

आता सांगा, जुन्याला पेटंट मिळेल का? नव्याला मिळेल का? आणि एका एजंटानं पंच्याहत्तर हजार सांगितलेत, एवढे लागतात का? संक्रांतीनंतर काढणी सुरू होईल, तोवर काय ते ठरवायचंय.

मानवतचा_जिनर

भाऊ, पैसे वाचवा, त्यात दोन ड्रम जास्तीचे बनवा. आमच्या धंद्यातली गोष्ट सांगतो. कापसाची सरकी काढायचं जिन अमेरिकेत एली व्हिटनीनं काढलं, १७९४ ला पेटंट घेतलं. त्यानं आणि भागीदारानं मशीन विकायचं नाही असं ठरवलं, कापूस आम्ही पिंजून देऊ आणि पाचात दोन हिस्से घेऊ म्हणाले. लोकांनी काय केलं? गावच्या लोहाराकडून तसंच मशीन करून घेतलं. व्हिटनी कोर्टात खेटे घालत राहिला. त्याच्या बाजूनं निकाल लागायला १८०७ उजाडलं, तेव्हा पेटंटची मुदतही संपत आली होती. पुढं मुदत वाढवून मागितली तर सरकारनं ती पण दिली नाही.

आणि गंमत बघा, आमच्या गिरणीत आज जे डबल रोलर चालतं ते व्हिटनीचं करवतीचं जिन नाहीच. त्याचं मूळ फोन्स मॅकार्थी नावाच्या दुसऱ्याच माणसाकडं जातं, १८४० चं पेटंट. चामड्याचा रोलर आणि सुरी.

(पिंजून नाही, सरकी काढून. कापसाच्या गावात राहून चुकलो.)

टूलरूम_काका (चिकलठाणा)

आधी तुमच्या मंडळींना माझा नमस्कार सांगा. इथं आत्तापर्यंत सगळ्यात शहाणपणाचं बोलणं त्यांचं झालंय.

मी चिकलठाणा एमआयडीसीत एका टूलरूमला एकतीस वर्षं होतो, आधी टर्नर, शेवटी फोरमन. माझ्या नावावर एक पेटंट आहे. म्हणजे होतं. पातळ जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, मिलिंग मशीनला लावला की थरथरतो, फिनिश बिघडतं, त्यासाठी स्प्रिंगचा एक क्लॅम्प केला होता. २००९ ला अर्ज, २०१६ ला पेटंट.

जुना ड्रम गेला. चहासकट गेला. अर्जाआधी वस्तू लोकांसमोर आली की तिचं नवेपण संपतं, मग ती तुम्हीच दाखवलेली असली तरी. प्रदर्शनासाठी कायद्यात बारा महिन्यांची सूट आहे, कलम ३१, पण ती केंद्र सरकारनं राजपत्रात नाव घातलेल्या प्रदर्शनालाच. तालुक्याच्या मैदानावरचं कृषी प्रदर्शन त्यात बसत नाही, आणि तुमची तर दोन वर्षं उलटून गेली.

नव्या ड्रमचं मी काही विचारत नाही, तुम्हीही सांगू नका. फक्त एक विचार करा, तुम्ही जे केलंय ते कुठलाही बरा फिटर आठ दिवसांत करू शकला असता का? हे विचारतो कारण सुप्रीम कोर्टानं १९७८ ला निकाल दिला तो आपल्याच जातीच्या यंत्रावर होता, लेथवर. मिर्झापूरकडचे भांडी बनवणारे. भांडं लेथवर घट्ट धरायची एक पद्धत एकानं पेटंट केली होती, दुसऱ्यानं वापरली म्हणून खटला भरला. कोर्टानं पेटंटच रद्द ठरवलं. म्हणणं असं की माहितीतल्या गोष्टीत केलेली सुधारणा ही नुसती वर्कशॉपातली सुधारणा असून भागत नाही, त्यात त्यापलीकडचं काही हवं. मी तो निकाल वाचला तेव्हा खरं सांगतो, रागच आला होता. वर्कशॉपात राहूनच माणूस शिकतो ना!

पण उलटं उदाहरणही आहे आणि ते तुमच्या बांधावर आहे. काटेरी तार. इलिनॉयचा शेतकरी जोसेफ ग्लिडन, १८७४ चं पेटंट. तार जुनी होती, तारेला काटे लावायची कल्पनाही त्याच्याआधी लोकांनी करून पाहिली होती, पण काटे तारेवरून सरकायचे. ह्यानं घरातल्या कॉफी दळायच्या यंत्रावर काटे वळवले आणि दुसरी तार पिळून काटा जागच्या जागी पकडला. एवढंच. त्यावर पुढं वर्षानुवर्षं भांडणं झाली आणि १८९२ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं ग्लिडनचं पेटंट खरं धरलं. शेवटचा तो पीळ, ज्यानं काम झालं, त्याला किंमत मिळाली. तुमच्या नव्या ड्रममध्ये असा पीळ कुठला आहे ते एका वाक्यात लिहिता येतं का बघा. येत नसेल तर वकीलही लिहू शकणार नाही.

आता माझं ऐका, म्हणजे त्याच खड्ड्यात पडणार नाही. पेटंट कार्यालयाकडून तपासणीचा अहवाल आला त्याबरोबर एक जर्मन चित्र होतं. बघून पोटात गोळा आला. माझाच क्लॅम्प, माझ्या जन्माच्या आधीचा! दोन रात्री झोप नाही. मग भिंग घेऊन बसलो. त्यांचा क्लॅम्प हातानं सोडावा लागायचा, माझा, मशीनचं टेबल मागं आलं की, आपसूक सुटायचा. माझ्या अर्जात हे वाक्य अकराव्या पानावर कुठंतरी कोपऱ्यात होतं. होतं हे नशीब, कारण अर्ज गेल्यावर त्यात नवा मजकूर घुसडता येत नाही, आहे त्यातूनच दावा, म्हणजे नेमकं काय आपलं म्हणायचं ते वाक्य, छाटायचा असतो. त्या एका वाक्यावर पेटंट मिळालं.

आणि एका शब्दावर गेलं. दाव्यात मी ‘स्प्रिंग’ लिहिलं होतं. शेजारच्या लाइनमधल्या एका कारखान्यानं स्प्रिंगच्या जागी रबराचा बुश घातला आणि उजळ माथ्यानं विकला. जिल्हा कोर्टात जायचं म्हणजे वर्षं आणि पैसा, दोन्ही नव्हतं. ‘लवचिक घटक’ लिहायला हवं होतं. तुम्ही बेल्ट, पट्टा, रबर असलं काही लिहिणार असाल तर आधी स्वतःलाच विचारा, यातली कुठली वस्तू बदलली तरी ड्रम चालतो? जी बदलली तरी चालते तिचं नाव दाव्यात बांधू नका, पण वर्णनात मात्र सगळी नावं घाला. काथ्या, नायलॉन, जुनं टायर, जे सुचेल ते.

कमाई विचारलीत तर एका छोट्या दुकानानं तीन वर्षं रॉयल्टी दिली. एक मोटारसायकल आली. मग मी पेटंट चालू ठेवायची वार्षिक फी भरणं सोडलं.

जिनरभाऊंचं अर्धं बरोबर आहे. पण व्हिटनी बुडाला तो पेटंटनं नाही, दोन हिस्से मागून. यंत्र विकलं असतं तर चित्र वेगळं दिसलं असतं.

गांधीचौक_ताई (लातूर)

मी पेटंट एजंट आहे, म्हणून आधी आकडे. व्यक्तीच्या नावानं ऑनलाइन अर्ज केला तर सरकारी फी १६०० रुपये, तीस पानं आणि दहा दाव्यांपर्यंत. तपासणीच्या विनंतीचे ४०००, ही विनंती ३१ महिन्यांच्या आत करायची. यापलीकडचे पैसे मसुदा लिहिणाऱ्याचे. पंच्याहत्तर हजारात नेमकं काय काय येतं ते लेखी मागा. तपासणी अहवालाचं उत्तर आणि सुनावणी त्यात आहे का, हे नक्की विचारा. बरेचदा नसते, आणि खरं काम तिथंच असतं.

तुम्ही आत्ता तात्पुरता अर्ज करा, ज्याला प्रोव्हिजनल म्हणतात. त्यात अंतिम दावे लागत नाहीत, वर्णन आणि चित्रं लागतात. त्या दिवसाची तारीख तुमची. पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात, म्हणजे एक अख्खा हळदीचा हंगाम ड्रम चालवून, तुकडा तोलून, आकडे घालून पुढचा मसुदा करता येईल. तारीख पडली की मग खुशाल प्रदर्शनात ठेवा, फक्त पूर्ण अर्ज वेळेत जाऊ द्या. आपला महाराष्ट्र मुंबई कार्यालयाखाली येतो, ते अँटॉप हिलला आहे, पण अर्जासाठी जायची गरज नाही.

कलम ३ एकदा वाचा. शेतीच्या पद्धतीला पेटंट नाही, पण यंत्राला आहे, त्यामुळे त्याची भीती नको. तुम्हाला अडवेल ते ३(एफ) : माहितीतल्या दोन वस्तू शेजारी ठेवल्या आणि दोघी आपापलंच काम करायल्यात, तर तो शोध नाही. ड्रम आणि तुमची नवी गोष्ट मिळून असं काहीतरी करतात का, जे दोन्ही वेगळं करत नाहीत? काकांनी म्हटलेला पीळ तो हाच.

आणि ज्यानं ‘पेटंटेड’ रंगवलंय त्याच्याकडं पेटंट नसेल तर कलम १२० खाली त्याला दंड होतो. पेटंट नंबर विचारा, तोंड बघण्यासारखं होईल.

हळदीचा विषय आहे म्हणून एक सांगते. १९९५ ला अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याचं पेटंट दिलं गेलं होतं. सीएसआयआर या आपल्या देशाच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेनं, तेव्हा डॉ. माशेलकर प्रमुख होते, जुनी ग्रंथांमधली नोंद आणि १९५३ चा एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेख पुढं ठेवला, आणि १९९७ ला ते रद्द झालं. आपल्या आजीला माहीत होतं हे पुरेसं झालं नाही, छापील कागद लागला. तेच आता उलट्या बाजूनं तुमच्या जुन्या ड्रमला लागू होतं. त्या प्रदर्शनातले तुमचेच फोटो उद्या कुणीही तुमच्यापुढं ठेवू शकतो.

हळद_फॅब्रिकेटर (वसमत)

काका, ताई, लई उपकार झाले. वाक्य लिहून बघितलं. तीनदा खोडलं, चौथ्यांदा जमलं.

दोन गोष्टी राहिल्यात सांगायच्या. पहिली म्हणजे पुतण्यानं परवा नव्या ड्रमची रील टाकली होती. मला आत्ता कळालं, लगेच काढायला लावली. चाळीस जणांनी बघितलीय.

दुसरी, नव्या ड्रमची मूळ कल्पना माझी नाही, बायकोची आहे. ती तांदूळ निवडायली होती आणि हातातलं भांडं दाखवून म्हणाली, असं का करत नाहीत? मी फक्त वेल्डिंग केलं. तिचं नाव घालावं लागतं का? ती म्हणते, नको, कशाला.

टूलरूम_काका (चिकलठाणा)

रीलमध्ये ड्रमचं झाकण उघडं होतं का बंद?

हळद_फॅब्रिकेटर (वसमत)

बंद. नुसता फिरताना दिसतो आणि पिवळा धुरळा उडतो. मागं म्हैस.

टूलरूम_काका (चिकलठाणा)

मग जीवात जीव आला. बाहेरून फिरणारा ड्रम बघून आतलं कुणाला कळत नसेल तर तुमचा पीळ अजून झाकलेलाच आहे. ती रील मात्र मोबाइलमध्ये जपून ठेवा, पुसू नका. उद्या कुणी म्हणालं की आधीच दाखवलं होतं, तर काय दिसत होतं ते तुम्हालाच दाखवावं लागेल.

गांधीचौक_ताई (लातूर)

नाव घालावंच लागतं. शोधक कोण हे अर्जावर सांगायचं असतं, आणि ते चुकीचं लिहिलं तर पुढं त्याच मुद्द्यावर पेटंटला हरकत घेता येते. कल्पना त्यांची आणि ती चालेल अशी करून दाखवली तुम्ही, तर दोघांचं नाव. अर्जदारही दोघं व्हा. अर्जदारांत एक महिला असली की तपासणी लवकर करून मागता येते, तो फॉर्म १८ए. त्याची फी नेहमीच्या विनंतीपेक्षा जास्त आहे, पण काकांसारखी सात वर्षं लागणार नाहीत.

रविवारी दुपारी फोनवर बोलू, मला मेसेज टाका. ड्रम आतून चारही बाजूंनी काढलेले फोटो, मापं, आणि वहिनींनी दाखवलेलं ते भांडं समोर असू द्या. वहिनीही बसू द्यात, मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय.

हळद_फॅब्रिकेटर (वसमत)

सांगितलं तिला. म्हणते रविवारी नको, शिवारात मजूर आहेत. सोमवारी म्हणते, चार वाजता, म्हैस पिळायच्या आत.